कॅसेटमधला शेवट

माझे नऊ सिनेमे पडद्यावर आले आणि त्यातले सहा धो धो चालले. हे मिरवायला सांगत नाही, पुढचं नीट कळावं म्हणून सांगतोय. आमच्या काळी हिंदी सिनेमात पटकथा कोणी वाचत नसे. निर्मात्याला वेळ नसे, नटाला कंटाळा येई आणि दिग्दर्शकाला वाचून काही दिसत नसे. सगळे ऐकत. लेखकानं समोर बसायचं आणि अख्खा सिनेमा तोंडानं सांगायचा. गाणं कुठे, मारामारी कुठे, आई कधी रडते, सगळं. याला नॅरेशन म्हणत. लिहिणारे माझ्यापेक्षा चांगले पुष्कळ होते. सांगणारा मात्र मी एक नंबरचा होतो, आणि त्याच जोरावर माझं नाव झालं.

सांगणाऱ्याला एक खोड लागते. तो ऐकणाऱ्यांची तोंडं बघत बघत सांगतो. समोरच्यानं जांभई दिली की मी एक प्रसंग गाळायचो, कोणाचे डोळे भरले की तोच प्रसंग आणखी ताणायचो. दर खेपेला गोष्ट थोडी वेगळी व्हायची. मला या खोडीचं कौतुकच होतं. लखनौला, भर जूनमध्ये, याच खोडीनं मला माझ्या आईसमोर असं काही पकडलं की त्यातून मी पुरता सुटलोय असं आजही म्हणवत नाही.

लखनौ हे माझं गाव. म्हणजे आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, पण वडील मानक नगरला रेल्वेच्या संशोधन संस्थेत होते आणि आम्ही दोघे भाऊ तिथल्या क्वार्टरमध्येच वाढलो. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी. आई सब्जीवाल्याशी हिंदीत भांडायची आणि हरली की मराठीत पुटपुटत घरात यायची.

भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला तो दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा वडिलांनी पाहुण्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दूध आणायला म्हणून गेला आणि परत आला नाही. दुधानं भरलेली किटली फाटकाच्या खांबावर ठेवलेली होती. म्हणजे दूध आणून, फाटकापर्यंत येऊन मग गेला. या गोष्टीचा वडिलांना राग आला की दुःख झालं, हे मला कधी समजलं नाही. ते त्याबद्दल बोललेच नाहीत.

पाच वर्षांनी कोणीतरी सांगत आलं की तो मुंबईत दिसला. वडिलांना तोवर एक झटका येऊन गेला होता, म्हणून मला पाठवलं. मी मुंबईला सिनेमासाठी गेलो नव्हतो, भावाला शोधायला गेलो होतो. माझ्या एकाही मुलाखतीत हे आलेलं नाही. तो एका स्टुडिओत खोट्या भिंती उभारणाऱ्या सुतारांच्या हाताखाली होता, आणि मी पोचलो तेव्हा क्षयाच्या इस्पितळात. एकोणीस दिवस मी त्याच्या खाटेशी बसलो. शिडीवरून पडून त्याचा पुढचा दात तुटला होता, त्यामुळे हसताना तो तोंडावर हात ठेवायचा. पंचविशीतच कानांजवळचे केस पांढरे झाले होते. विसाव्या दिवशी तो गेला. त्याच्याबरोबरचे पाच सुतार आणि मी, आम्ही सहा जणांनी त्याला पोचवलं.

तिथून मी तारेच्या ऑफिसात गेलो. फॉर्म घेतला, आईचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. खिशात तिचंच पत्र होतं, दोन दिवसांपूर्वी आलेलं. वडिलांना दुसरा झटका येऊन गेला, डॉक्टर म्हणतात कसलाही धक्का बसता कामा नये. मी फॉर्म फाडला आणि घरी पत्र टाकलं, ‘अजून पत्ता लागला नाही, शोधतो आहे.’ चार महिन्यांनी वडील गेले. नुकतं कुंकू पुसलेल्या बाईला आणखी एक मरण कसं सांगायचं? वर्ष जाऊ दे म्हटलं. वर्ष गेलं. मग असं झालं की सांगायचं तर ‘इतके दिवस का लपवलंस’ याचं उत्तर आधी द्यावं लागणार. दर वर्षी ते उत्तर आणखी अवघड होत गेलं. दरम्यान त्याच सुतारांनी मला स्टुडिओत चिकटवलं, मी एका संवादलेखकाचा मदतनीस झालो, आणि पाच-सहा वर्षांत माझं नाव पोस्टरवर यायला लागलं.

वडील गेल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. मी आईला म्हटलं, मुंबईला चल. तिनं क्वार्टरच्या मागच्याच गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या.

“तो आला तर कुठे येईल? इथेच येईल ना?” ती म्हणाली. “मी तिथे समुद्र बघत बसू, आणि तो इथे दार वाजवत उभा?”

क्वार्टरमध्ये नवं कुटुंब राहायला आलं की ती पहिल्याच आठवड्यात जाऊन सांगायची, आमचा मोठा आला तर मागच्या गल्लीत पाठवा. पोस्टमनला दिवाळीचा चिवडा न चुकता जायचा. साताऱ्याला सख्ख्या भाचीचं लग्न झालं तेव्हा ती गेली नाही. काशी तिथून एका रात्रीच्या अंतरावर, तीसुद्धा तिनं केली नाही. मी वांद्र्याला ऐसपैस घर घेतलं, तिच्यासाठी देवघर करून घेतलं, ते तिनं फोटोत पाहिलं. माझ्या एका न केलेल्या तारेनं मी तिला त्या दोन खोल्यांत कोंडून ठेवलं होतं. मला ते स्पष्ट दिसत होतं. दर खेपेला अमौसीला विमानातून उतरलो की आज सांगायचंच असं ठरवायचो, आणि दर खेपेला तिच्या हातचं थालीपीठ खाऊन परत जायचो.

माझे सिनेमे ती आवडीनं बघायची, पण तिला माझं कौतुक वाटायचं असं म्हणता येणार नाही. पहिल्या सिनेमातला बाप रविवारी पेपर पसरून सगळ्या घराचे बूट पॉलिश करतो. ते माझे वडील. दुसऱ्यातली मावशी भांडली की भांडी जोरात घासते. ती आई स्वतः. शेजारणींना ती सांगायची, “याला स्वतःचं काही सुचत नाही हो. घरातलंच उचलतो आणि तिकडे विकतो.” मला याचा राग यायचा, कारण ते खरं होतं.

सहावा सिनेमा चालल्यावर मी भावाची गोष्ट लिहायला घेतली. बाहेर मी सांगत होतो की आता काहीतरी मनासारखं करायचंय. खरं कारण निराळं होतं. त्या गोष्टीत मोठा भाऊ परक्या शहरात मरतो आणि धाकटा घरी येऊन आईला ते सांगतो. मी हिशेब केला होता की आई थिएटरात बसेल, बघेल, आणि जे मला सांगता येत नाही ते पडदा सांगेल. मी बाहेर व्हरांड्यात उभा राहीन. असा भित्रा बेत मी केला होता आणि त्याला कलाकृती म्हणत होतो.

मुंबईचा निर्माता म्हणाला, दुःखाचा शेवट आहे, यूपीचा वितरक हो म्हणाला तर करू. तो वितरक लखनौचाच. कैसरबागेत त्याची जुनी कोठी होती. पांढराशुभ्र कुर्ता, बोलणं अदबीचं, आणि सिनेमा चालेल की पडेल हे त्याला कळतं अशी ख्याती. त्याच्या दोन सवयी सगळ्या लेखकांना ठाऊक होत्या. एक म्हणजे तो एकटा गोष्ट ऐकत नसे, घरातल्या सगळ्या बायकांना घेऊन बसे. “पिक्चर औरतें चलाती हैं, हुज़ूर. मर्द तो बस टिकट लाते हैं,” असं त्याचं म्हणणं. दुसरी सवय टेपरेकॉर्डरची. ऐकवलेली गोष्ट आणि बनलेला सिनेमा यांचा मेळ नाही म्हणून त्याचे पूर्वी हात पोळले होते. तेव्हापासून तो अख्खं नॅरेशन टेप करी आणि कॅसेटवर लेखकाची सही घेई.

दुपारी तीनची वेळ. बाहेर लू, अंग भाजून काढणारा वारा. दिवाणखान्यात खसाचे, म्हणजे वाळ्याचे, पडदे सोडलेले, पण रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते म्हणून कूलर बंद केलेला, आणि आवाज नको म्हणून दारं-खिडक्याही लावलेल्या. बादलीतल्या पाण्यात दशहरी आंबे घातले होते. वितरक, त्याची बायको, दोन सुना आणि एक म्हातारी आत्या असे पाच जण समोर बसले. मी घसा साफ केला तशी वितरकाची बायको म्हणाली, “अभी रुकिए.” आणि दार उघडून आई आत आली.

ठेवणीतली नारायणपेठी, हातात पंखा. “आपकी माँजी इसी शहर में रहती हैं और आपने बताया तक नहीं!” बाईंनी मला लटकं रागावून सांगितलं. लखनौची ही अदब. पाहुण्याची आई गावात आहे म्हटल्यावर गाडी पाठवल्याशिवाय त्यांना चैन पडणं शक्यच नव्हतं. आई मला मराठीत म्हणाली, “तू सांगतोस कसा ते मी कधी ऐकलंच नाही रे. नुसती पिक्चरं बघते.” ती इतकी खूश होती की मला पाहवेना.

आज घसा बसलाय, उद्या सांगतो, असं मी म्हणून पाहिलं. बाईंनी ज्येष्ठमधाची काडी आणून दिली. वितरकानं टेप सुरू केला.

पहिला भाग मी कसाबसा काढला. बूट, भांडी, सब्जीवाला आले की आई शेजारच्या सुनेला कोपरानं ढोसून सांगत होती, “हमारे घर का है, सब हमारे घर का.” मग थोबाडीत बसली. मग किटली आली. आईचा हातपंखा थांबला. मध्यंतरात सरबत आलं तेव्हा मी परसाकडे जातो म्हणून उठलो आणि न्हाणीघरात कडी लावून उभा राहिलो. तिथल्या खिडकीला गज होते. नसते तर मी उडी मारली असती, हे मी आज खोटं सांगत नाही.

दुसरा भाग पुढे सरकत होता तसा माझा सदरा अंगाला चिकटत होता. शेवटचा प्रसंग आला. रात्रीची गाडी गेली आहे, आई जागी आहे, दार वाजतं. कागदावर दारात धाकटा होता, हातात अस्थींचा कलश. मी दार वाजवलं. बोटानं खुर्चीवर टकटक केली, तशी माझी पद्धतच होती. आणि आईकडे पाहिलं. ती खुर्चीच्या कडेला आली होती, पदर मुठीत धरलेला, नजर माझ्यावर. तीन तास माझं नॅरेशन ऐकत नव्हतीच ती. तिनं मला मनात एक प्रश्न विचारला होता आणि उत्तराची वाट बघत होती.

माझ्या तोंडून निघालं, “दरवाज़े पर बड़ा बेटा खड़ा है.”

एकदा निघाल्यावर मला थांबता येईना. कसा दिसतो, तर वाळलाय. कानांजवळचे केस पांढरे झालेत. आई त्याला ओळखते, तो हसतो, आणि हसताना तोंडावर हात ठेवतो, कारण समोरचा दात तुटलाय. आई त्याचा हात बाजूला करते. मी बोलत होतो आणि रडत होतो. सुना रडत होत्या, आत्या रडत होती, वितरकानं चष्मा काढून कुर्त्याला पुसला. फक्त आई रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की मी तिला तसं वडील असतानासुद्धा पाहिलं नव्हतं. वितरकानं खटकन टेप बंद केला, कॅसेट काढली आणि माझ्यापुढे पेन धरलं.

“यही पिक्चर है. एक लफ़्ज़ इधर-उधर नहीं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याकडे एकटा गेलो. म्हटलं, खरा शेवट वेगळा आहे, काल चुकून निघून गेलं. त्यानं शांतपणे कॅसेट लावली. मला माझा आवाज ऐकावा लागला. वाईट याचं वाटलं की मी फार सुंदर सांगितलं होतं. “आप ख़ुद रो रहे थे, हुज़ूर,” तो म्हणाला. “जो आदमी ग़लती से रोए, वह ऐसे नहीं रोता.” मुंबईला निर्माता खूश, दिग्दर्शक खूश. कॅसेटच्या प्रती काढून सगळ्यांना वाटल्या. नटानं तर ती पाठ केली. सेटवर त्यानं पहिल्यांदा तोंडावर हात ठेवून हसून दाखवलं तेव्हा सगळे वाहवा म्हणाले आणि मी उठून बाहेर गेलो. बाहेर भिंती ठोकणारे सुतार विडी ओढत बसले होते. त्यांतला एक जण त्या पाचांतला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विडी विझवली. मला तिथेही थांबवेना.

सिनेमा हिवाळ्यात लागला आणि माझ्या आधीच्या सगळ्या सिनेमांपेक्षा जास्त चालला. तिसऱ्या आठवड्यात लखनौला माझा सत्कार होता. सकाळच्या विमानानं उतरून मी आधी आईकडे गेलो. बाहेर विरत चाललेलं धुकं, आणि आत आई नेसून-सवरून बसलेली. शेजारी तिची पेटी, तिच्यावर घडी केलेली शाल, फराळाचा डबा.

मला इतका आनंद झाला की मी पेटीच उचलली. “चल,” म्हटलं, “सत्कार गेला खड्ड्यात. दुपारच्या विमानानं मुंबईला जाऊ.”

“मुंबईलाच आहे का तो?”

“कोण?”

“सोंग करू नकोस. मी पिक्चर चार वेळा पाहिलं. दात कशानं पडला त्याचा?”

“आई, अगं ते सिनेमातलं...”

“तुला स्वतःचं काही सुचत नाही.” ती रागावली नव्हती, लहान मुलाला समजावावं तसं बोलत होती. “बूट आमचे, किटली आमची. मग दात तेवढा तू मनानं काढलास? घरातून गेला तेव्हा त्याचे दात शाबूत होते. तू त्याला भेटलायस. त्यानं शपथ घातली असेल तुला, हो ना? नको सांगू कुठे आहे ते. मला नुसती घेऊन चल. मी काही बोलणार नाही त्याला. बाबा गेले हेही आल्या आल्या नाही सांगणार.”

मी पेटी खाली ठेवली. तीन-तीन तास सांगणारा मी, चार वाक्यांत संपलो. भेटलो होतो, इस्पितळात. एकोणीस दिवस जवळ होतो. माझ्यासमोर गेला. अकरा वर्षं झाली. ते बोलताना मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. आयुष्यात प्रथमच मी ऐकणाऱ्याकडे न बघता काहीतरी सांगितलं.

तिनं पेटीवरची शाल उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाली, “अग्नी कोणी दिला?”

“मी.”

“तिथी कोणती?”

मला तारीख ठाऊक होती, वार ठाऊक होता. तिथी मी पाहिलीच नव्हती. अकरा वर्षांत एकदाही मला ते सुचलं नव्हतं. तिनं मान हलवली, उठली, डब्यातला फराळ परत बरण्यांत भरायला लागली. शेव शेवेत, लाडू लाडवांत. मला वाटलं, आता रडेल, मला मारेल, घराबाहेर काढेल. यातलं काहीही चाललं असतं. मी तिच्या पायाशी जाऊन बसलो आणि म्हटलं, आई, मला वाटेल ते बोल.

“तुला काय बोलू?” ती म्हणाली. “सगळं त्यालाच बोलून झालं. रोज सकाळी चहा टाकला की मी त्याला बोलायची. दोन ओळी लिहायला हात झडले का रे तुझे, म्हणायची. दगडाच्या काळजाचा आहेस, म्हणायची. गेलेल्या पोराला मी अकरा वर्षं शिव्या घातल्या. आणि तू इथे यायचास तेव्हा त्या खाटेवर पडून ऐकायचास.”

मी ऐकायचो. आणि त्यातलं हात झडल्याचं वाक्य मला इतकं आवडलं होतं की माझ्या तिसऱ्या सिनेमात मी ते आईच्या तोंडी घातलं होतं. त्याला थिएटरात टाळ्या पडत.